मीटरगेज, व्हाया स्वित्झर्लंड

मागच्या वर्षी पावसाळ्याआधी माळा आवरायला काढला तेव्हा कुकरच्या जुन्या खोक्यात गाडी सापडली. सापडली म्हणजे हरवली नव्हतीच, तीनदा घर बदललं तेव्हा तीनदा ते खोकं मीच सुतळीनं बांधलंय, फक्त उघडलं कधी नव्हतं. आत एक काळं बुटकं टँक इंजिन, सहा चाकांचं, तीन मालडबे, एक ब्रेकव्हॅन, एक गोल करायला पुरतील एवढे रूळ आणि राखाडी रंगाचा कंट्रोलर. हॉर्नबीची गाडी. १९७९ साली इंग्लंडातल्या काकांनी आणलेली. दादासाठी आणलेली, हे आधीच सांगून टाकते.

दादा तेव्हा तेरा वर्षांचा, मी दहाची. मिरजेला ब्राह्मणपुरीत आमचं घर, माडीवर रविवारी सतरंजी गुंडाळून फरशीवर गाडी लागायची. नियम असा होता की कंट्रोलर दादाकडे आणि सिग्नल मी. सिग्नलचा पार्ट नव्हता त्यामुळे सिग्नल म्हणजे खरोखरच मी, हात आडवा करून उभं राहायचं आणि गाडी सोडायची झाली की हात खाली पाडायचा. हात दुखायचा पण नोकरी सोडली नाही. पुढे दादाला क्रिकेट लागलं आणि गाडी आपोआप माझ्याकडे आली, नाव मात्र शेवटपर्यंत दादाची गाडी. प्लगच्या पिना चौकोनी होत्या म्हणून बाबांनी तो कापून आपला गोल पिनांचा लावला होता, तो कापलेला इंग्लिश प्लगही खोक्यात निघाला, आमच्याकडे काही टाकत नाहीत.

आणि प्लॅटफॉर्म निघाला. तो मात्र अस्सल मिरजेचा. बाबांनी सतारमेकर गल्लीतून तुणाच्या लाकडाची एक पट्टी आणली होती, तंबोऱ्याच्या दांडीतून उरलेली असणार, हातभर लांब, एका बाजूनं रंधा मारलेली आणि दुसरी बाजू तशीच. रंधा मारलेल्या बाजूवर मी शाईनं 'खानापूर' लिहिलं होतं. आमचं आजोळ. शाई फिकी पडलीय पण वाचता येतं.

मिरज आणि रेल्वे हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावंच लागेल. आमच्या स्टेशनात तीन गेज होते, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. पुण्याकडची आणि कोल्हापूरची ब्रॉडगेज, ती १९७१ ला झाली, त्याआधी तीही मीटरगेजच. बेळगाव-लोंढ्याकडची मीटरगेज. आणि पंढरपूर-कुर्डुवाडीवरून लातूरला जाणारी बार्शी लाइटची नॅरोगेज. एक मीटर ६७६ मिलिमीटर, बरोबर एक मीटर, आणि ७६२ मिलिमीटर, तिन्ही एकाच गावात. पुण्या-मुंबईची माणसं मोठ्या गाडीतून उतरायची आणि ट्रंका, होल्डॉल, पोरंबाळं घेऊन लहान गाडीकडे पळायची, मागून हमाल, आणि आम्हाला गावच्या लोकांना हे बघायला फार मजा यायची कारण आम्हाला पळावं लागायचं नाही, आम्ही आधीच खिडकी धरून बसलेलो असायचो. कुडची, रायबाग, घटप्रभा, मग बेळगावला कुंदा आणि मग खानापूर. वायपी क्लासचं वाफेचं इंजिन, वाय म्हणजे मीटरगेज आणि पी म्हणजे पॅसेंजर, हे मला मामानं शिकवलं होतं. डोळ्यात कोळसा जायचा तो आजी पदराच्या टोकाला फुंकर मारून शेकून काढायची.

एकदा कुलदेवतेला गोव्याला गेलो तेव्हा कॅसलरॉकच्या पुढचा घाटही त्याच मीटरगेजवरून उतरलो. सदतीस फुटांत एक फूट उतार, बोरघाटासारखाच, आणि मध्ये दूधसागर. मी सगळा वेळ धबधबा न बघता वळणावर आपलीच गाडी बघत होते. पुढचं इंजिन उजवीकडे, आपण इथे, शेवटचा डबा डावीकडे. आपण ज्या गाडीत बसलोय ती संपूर्ण दिसणं, हे मीटरगेजच्या घाटात होतं. ब्रॉडगेजची वळणं सहसा एवढी अंगाला घासत नाहीत.

असो, तर खोकं.

रूळ लोखंडी, गंजून चॉकलेटी झालेले. खोडरबरानं घासले, जमेना, मग झिरो नंबरचा पॉलिश पेपर. इंजिन उघडलं तर आत ग्रीस सुकून डिंक झालेलं. ते टूथपिकनं खरवडून काढलं आणि शिलाई मशीनचं तेल घातलं, आणि इथे माझी चूक झाली, मशीनला घालतो तसं घातलं. टाचणीच्या टोकावर येईल तेवढंच घालायचं असतं. जास्तीचं तेल गेलं मोटरच्या कम्युटेटरवर, मी करंट दिला आणि इंजिनातून धूर. ह्यांनी पेपर खाली करून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "हे खरंच वाफेचं आहे का गं?" दोन दिवस इअरबडनं पुसत बसले, ब्रश काढून वाळवले, मग कधीतरी संध्याकाळी ते हललं. आधी अर्धा इंच. मग घुर्र करून सगळा गोल. तो जुन्या मोटरचा एक वास असतो ना, जळकट आणि गोडसर, तो आला आणि मी चक्क फरशीवर गालच टेकला, गाडी डोळ्यांच्या पातळीला दिसावी म्हणून. वय वर्षं छप्पन्न. उठताना पलंगाचा आधार घ्यावा लागला.

मग जे होतं ते झालं. कोथरूडला भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ पासून आहे, मी पुण्यात राहून दोनदाच गेले होते तेही पाहुण्यांना घेऊन. आता एकटी गेले. दिवे मालवतात आणि त्या छोट्या गावातले दिवे लागतात तेव्हा आजूबाजूची पोरं 'ओऽऽ' करतात, मी पण केलं. घरी येऊन प्लायवूड आणलं, सहा बाय तीन, मुलीच्या रिकाम्या खोलीत दोन घोड्यांवर टाकलं. मावशींनी विचारलं, "ताई, इस्त्रीचं टेबल का?" म्हटलं हो.

आणि पंधरा दिवसांत मला कंटाळा आला. हे मी कुणाला सांगितलं नाही कारण एवढा खटाटोप केल्यावर कंटाळा आला म्हणणं शोभत नाही. पण आला. लहानपणी ती गाडी खानापूरला जायची. डब्यांवरची इंग्रजी अक्षरं दिसत नव्हती असं नाही, पण ती नक्षी होती, साडीच्या काठावर कुणी वाचत बसत नाही. आता चष्मा लावून बघितलं की ती अक्षरं वाचता येतात, कुठल्यातरी इंग्लिश कोळशाच्या व्यापाऱ्याचं नाव, कुठलंतरी गाव, आणि ती गाडी आपल्या हातातून सुटून तिकडेच निघून जाते. त्यात वाचन वाढलं की दोष दिसायला लागतात. इंग्लिश मॉडेलचा गोंधळ असा की डबे एकास शहात्तर मापाचे आणि रूळ एकास सत्त्याऐंशीच्या मापाचा. इंग्लंडची इंजिनं मुळात आटोपशीर, जुन्या काळच्या मोटरी त्यात मावेनात, म्हणून वरचा देह फुगवला आणि खाली साडेसोळा मिलिमीटरचा रूळ तसाच ठेवला. हिशेब केला तर गाडी खऱ्यापेक्षा सात इंच अरुंद रुळावर चालते. एकदा हे कळलं की ती समोरून येताना पाय जवळ घेतलेल्या जाड्या माणसासारखी दिसते, मग ते डोळ्यातून जात नाही.

मग सगळे म्हणाले तसं मीही म्हटलं, आपलीच गाडी करू. भारतीय. बाहेर तयार मिळतात ती बरीचशी ब्रॉडगेजची, आणि त्यातही गंमत तीच, आपला ब्रॉडगेज एकास सत्त्याऐंशीला एकोणीस मिलिमीटर यायला हवा तो साडेसोळावर चालवतात. मीटरगेज तर मला कुठे मिळालीच नाही. म्हणून मी स्वतः एक डबा करायला घेतला. प्लास्टिकचा पत्रा कापून, लाल मातकट रंग देऊन, खिडक्यांचे गज म्हणून तांब्याच्या बारीक तारा चिकटवून. तीन आठवडे लागले. वाईट झाला नव्हता. पण टेबलावर ठेवला आणि मला फक्त काय नाही तेच दिसत राहिलं. खिडकीच्या गजांना हाताच्या तेलानं आलेली चकाकी नाही. दाराशी बसलेला माणूस नाही. चेन पुलिंगच्या डब्याखाली कुणीतरी अडकवलेली पिशवी नाही. वास नाही. आणि रंगही तो नाही, कारण तो रंग डबीत मिळत नाही, त्यावर पंधरा वर्षांची धूळ आणि दोन पावसाळे लागतात. जे आपल्याला अंगानं माहीत असतं त्याचं मॉडेल म्हणजे लग्नाच्या हॉलबाहेरच्या रांगोळीत काढलेला आपल्याच नवऱ्याचा चेहरा, नाक बरोबर असतं, माणूस नसतो. डबा शोकेसमध्ये ठेवलाय. छान म्हणतात लोक.

स्वित्झर्लंड ठरवून आलं नाही. रात्री झोप येत नाही म्हणून यूट्यूबवर इंजिनाच्या काचेतून घेतलेले व्हिडिओ बघायची सवय लागली होती, नुसते रूळ समोरून येत राहतात, कुणी बोलत नाही, फार बरं वाटतं. एक दिवस बेर्ग्यून ते प्रेडा असा लागला. चढ चारशेहून जास्त मीटरचा, त्यामुळे त्यांनी रूळ बोगद्यातून गोल गोल फिरवून बारा किलोमीटरांपर्यंत लांबवलाय. बोगद्यात शिरताना गाव डावीकडे, बाहेर आलं की उजवीकडे आणि खाली, परत शिरलं, परत बाहेर. आणि एका वळणावर मागचे डबे दिसले. लाल. सगळेच्या सगळे. मी उठून बसले, कारण हे वळण मला ओळखीचं होतं, एवढं जवळचं वळण ब्रॉडगेजवर नसतंच. शोधलं तर निघालं, रेटियन रेल्वे, गेज एक मीटर. आमचाच गेज!

मग काय, वाचतच सुटले. पहिला टप्पा १८८९ चा, आज जवळपास तीनशे चौऱ्याऐंशी किलोमीटरचं जाळं, म्हणजे ही जत्रेतली खेळण्यातली गाडी नव्हे, लोक रोज तिनं कामाला जातात, लाकूड जातं. आल्बुला घाटाचा, म्हणजे त्या बेर्ग्यून-प्रेडाच्याच घाटाचा, चढ हजाराला पस्तीस. बेर्निना घाटाचा हजाराला सत्तर, म्हणजे चौदा फुटांत एक फूट, तेही मधे दातेरी रूळ न घालता, साध्या चाकांवर, बोरघाटाच्या अडीचपटीहून जास्त खडा. २०२२ च्या ऑक्टोबरात त्यांनी शंभर डब्यांची गाडी आल्बुला घाटातून उतरवली, एक हजार नऊशे दहा मीटर लांब, जगातली सगळ्यात लांब पॅसेंजर गाडी म्हणून. आणि एका फोटोत एक चॉकलेटी इंजिन दिसलं, पुढेमागे लांब नाकाड आणि मधे केबिन, तिकडे त्याला मगर म्हणतात. मी ओरडलेच, अहो, हा तर खेकडा! आपल्या जीआयपीवर, म्हणजे आताच्या मध्य रेल्वेवर, १९२८ पासून विजेचं मालगाडीचं इंजिन होतं त्याला लोक खेकडा म्हणायचे, बाबांनी मला कल्याणला दाखवलं होतं, आणि त्यातले काही खेकडे स्वित्झर्लंडात विंटरथुरच्या ज्या कारखान्यात झाले तिथेच ह्या रेटियनच्या मगरीही झाल्या. तिकडे मगर, इकडे खेकडा. घराणं एकच.

पण मी घसरले खरी ते रेटियनच्या कूर स्टेशनमुळे. (स्पेलिंग वाचून मी वर्षभर चूर म्हणत होते.) तिथे एका बाजूला मोठ्या गेजच्या गाड्या येतात झुरिककडून, दुसऱ्या बाजूला मीटरगेज उभी, लोक हिच्यातून उतरून तिच्यात बसतात. पुढे काही किलोमीटर तर एकाच वाटेवर दोन्ही गेज, तीन रूळ टाकून. आणि स्टेशनासमोर अरोसाची मीटरगेज चक्क रस्त्यातून, मोटारींच्या मधून निघते. मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला. फक्त तिकडे कुणी पळत नव्हतं आणि हमाल नव्हते, बाकी मिरजच.

भाची श्टुटगार्टला असते, दादाची मुलगी. बेमो नावाची कंपनी तिथून जवळच आहे आणि ती नेमकं हेच करते, एकास सत्त्याऐंशी मापात रेटियन रेल्वे, बारा मिलिमीटरच्या रुळावर. खरा हिशेब साडेअकराचा, पण अर्ध्या मिलिमीटरसाठी मी कुणाशी भांडणार नाही. भाची म्हणाली, "आत्या, पार्सल नको, मी येताना आणते," कारण आधी एक रुळांचं पार्सल मागवलं होतं ते कुठल्यातरी गोदामात महिनाभर पडून शेवटी ड्युटी भरून सुटलं, ड्युटी रुळांइतकीच. तिनं मोज्यांत गुंडाळून इंजिन आणलं. लाल, चौकोनी, चार आस आणि चारही ओढणारे, ही इंजिनं १९७३ ते १९८५ मध्ये तेवीस बनली आणि प्रत्येकाला एका गावाचं नाव. किंमत ह्यांना सांगितलेली नाही, इथेही सांगणार नाही.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली. ह्या गाडीत मला काहीच कमी दिसत नव्हतं. कारण मी तिकडे गेलेलेच नाही! तिचा वास मला माहीत नाही, तिच्या दाराशी कोण बसतं ते माहीत नाही, त्यामुळे जे टेबलावर आहे तेच माझ्यासाठी खरं. आणि वळणावर मात्र ती माझ्या ओळखीची. तेहतीस सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणात शिरताना ती अंग मोडते, तीन डबे एकदम दिसतात, शेवटचा उलट तोंडानं. देश परका पण चाल घरची.

हे सुख फार टिकलं नाही हेही सांगते. जसजशी माहिती वाढली तसतशी मी स्विस बारीकसारीक गोष्टींवरही चिडायला लागलेय. टपालपेटी लाल रंगवली होती, भाचीनं फोटो पाठवला, तिकडे पिवळी असते. रंगवली परत. घरावर कौलं लाल टाकली होती, तर तिकडच्या गावांत बरीच छपरं करडी. लांडवासरचा तो प्रसिद्ध पूल करायचा विचार होता, पासष्ट मीटर उंच, शंभर मीटर त्रिज्येच्या वळणावरून थेट कड्यातल्या बोगद्यात शिरणारा, मापात काढला तर पाऊण मीटर उंच आणि वळणच सव्वादोन मीटर रुंद निघालं. मुलीची खोली संपली. मग मी लहान पूल केला, कुठलाच नाही असा, आणि मनात त्याला नाव द्यायचं टाळते, कारण नाव दिलं की चुका मोजाव्या लागतील. वरच्या तारा अजून टाकलेल्या नाहीत, पँटोग्राफ हवेत हात वर करून उभा असतो.

काही जण विचारतात की आपलं सोडून परक्यांचं कशाला. एक ओळखीचे गृहस्थ तर जरा रागावलेच, म्हणाले, मिरजेच्या बाईनं मिरज करायला पाहिजे, तीन गेज, जगात किती ठिकाणी आहे असं. बरोबर आहे त्यांचं. मापही जवळपास जुळतं, ब्रॉडगेजला चालवून घेतात ते साडेसोळा, मग बारा आणि नऊ मिलिमीटर, तिन्ही रूळ बाजारात मिळतात. पण मिरज मला येतं हो. लोंढ्याची मीटरगेज गेली, पंढरपूरची नॅरोगेजही गेली, सगळं रुंद झालं, चांगलंच झालं, आता कुणाला ट्रंका घेऊन पळायला लागत नाही. ते टेबलावर परत मांडायला घेतलं तर मी रोज फक्त नसलेल्या गोष्टींची यादी करेन. हे त्यांना नीट सांगता आलं नाही. म्हटलं, करू की सावकाश, आणि चहा विचारला.

भाऊबीजेला दादा नाशिकहून आला. ओवाळून झाल्यावर मी त्याला ती खोली दाखवली. तो टेबलाभोवती एक चक्कर मारून आला, पूल बघितला, खाली वाकून बोगद्यात डोकावला, आणि मग माझ्या स्टेशनाच्या, फिलिझूरच्या (लांडवासर पुलाजवळचं गाव) प्लॅटफॉर्मवर त्यानं बोट टेकवलं. मी सिमेंटचा रंग दिलाय त्याला, पण रंधा न मारलेल्या बाजूवर, त्यामुळे लाकडाचे रेषे दिसतातच.

"ही तुणाची पट्टी ना?"

"हो."

"खाली खानापूर आहे अजून?"

"आहे."

त्यानं उचलून बघितली नाही. चिकटवलेली आहे हे त्याच्या लक्षात आलं असणार. मग कंट्रोलर दिसला, तोच राखाडी, स्विस गाडीही बारा व्होल्टवरच चालते, मी बदललेला नाही. "मी चालवू का?" म्हणाला. हे त्यानं विचारलं ह्याचंच मला एवढं नवल वाटलं की मी नुसती मान हलवली. तो स्टुलावर बसला, चष्मा वर सरकवला, दोन बोटांत बटण धरलं. गाडी फिलिझूरला उभी. मला वाटलं आता सवयीप्रमाणे एकदम फुल करणार आणि माझं महागाचं इंजिन पहिल्याच वळणावर आडवं होणार, म्हणून मी म्हटलं, हळू हां, घाट आहे.

तो काही करेना. बटण धरून माझ्याकडे बघत बसला.

"काय झालं?"

"सिग्नल दे की."

माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी खिडकीत ठेवला.